नातीचं वाजिवणं ऐकायला दौंडला

आमच्या निमोण्यातल्या बाया अजून माझी टर उडवत्यात. "म्हातारे, दौंडला जाऊन नाचून आलीस म्हणं?" मी म्हणती, व्हय, आले नाचून, तुमी बसा शेंगा फोडत. पण एकदा समदं धड सांगावं म्हणून बसले. ज्यांनी दौंड बगितलं न्हाई त्यांच्यासाठी हे. आन् ज्यांनी बगितलंय, त्यांनीबी मी बगितलं ते दौंड बगितलं नसंल.

मला काय जायाची हौस न्हवती. मला धाडलं माझ्या पोरानं, गौतमनं. गौतम रांजणगावला कंपनीत हाय. त्याची थोरली लेक करुणा दौंडला तिच्या मामाकडं ऱ्हाऊन कालेज शिकती. मामा रेल्वेत हाय, क्वार्टर हाय, काय अडचण न्हाई. तर ह्या पोरीनं तितं ढोल वाजवायला सुरवात केली. आमाला पत्ता न्हाई. गावातला एकजण दौंडला गेलता, त्यानं बगितलं, आन् येऊन चारचौघांत गौतमला म्हणला, "गौतमराव, तुमची पोरगी वाजिवती की वो. आज्यावर गेली!" आन् समदी हसली.

गौतम घरी आला, जेवला न्हाई. भितीकडं तोंड करून पडून ऱ्हायला.

आता तुमी म्हणाल, ढोल वाजिवला त्यात काय एवढं. तर आमच्या घरात वाजवणं बंद हाय. करुणाचा आजा, माझे मालक, गावकीचं डफडं वाजवायचे. जत्रंत, वरातीत, मयताला. आमी देवळाच्या पायरीखाली उभं ऱ्हाऊन वाजवायचं, आन् पायरी चढायची ती दुसऱ्यांनी. दीक्षा घेतली तवा मेलेली जनावरं वढायची सोडली, देव सोडले, अंगात आणायचं सोडलं, आन् डफडंबी सोडलं. मालकांनी इळ्यानं त्याचं कातडं फाडलं आन् लाकडाचं कडं चुलीत घातलं. त्या जाळावर मी भाकरी भाजल्या. मालक म्हणले, माझ्या पोटचं कुणी आता लोकांफुडं वाजवणार न्हाई. ते गेले त्याला लई वर्सं झाली, पण शबूद तसाच व्हता घरात.

गौतम मला म्हणला, "आये, मी गेलो तर माझा हात उठंल. तू जा. आप्पांच्या संगं तूच व्हतीस, तुलाच ठावं. तू वाजीव म्हणलीस तर वाजवंल. न्हाई म्हणलीस तर तिला घेऊनच ये, शिरूरला घालू कालेजात."

आन् करुणाचा फोन आला दुकानावर. "आज्जे, तू न्हाई म्हणलीस तर मी काठ्या खाली ठेवीन. पण आधी ऐक. ऐकल्याबिगर न्हाई म्हणू नको."

मी म्हणले, यीन.

भीमा वलांडून

थंडीचे दिस व्हते, शाळू हुरड्यावर आलता. फडक्यात भाकरी, ठेचा आन् हुरडा बांधला. एस.टी.नं न्हावऱ्याला आले, तितनं केडगावची गाडी. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच अंगाच्या रस्त्यांची खडी मी फोडलीया. गाडी अशी काय आपटत व्हती, की मधला मणका वर आन् वरचा खाली. मनात म्हणले, बाई, खडी चांगली फोडली नसशील, आता भोग.

आमच्याकडं पाण्याची बोंब. हंडाभर पाण्याला कोस कोस चालायचं. आन् पारगावचा पूल वलांडला की भीमेपल्याड ऊसच ऊस. डोळ्याला गार वाटतं, पण खरं सांगू, थोडा रागबी येतो. तीच माती, त्योच सूर्व्या, मधी एक नदी काय आली, की ह्यांच्या म्हशीसुदिक गुबगुबीत.

पुलापासनं थोडं फुडं गाडीचं चाक बसलं. कंडक्टर म्हणला, उतरा समदी. रस्त्याला लागूनच गुऱ्हाळ चाललं व्हतं. मी तशी कुणाच्या दारात उगंच जात न्हाई. पण गुऱ्हाळवाल्याची बायकू लांबनंच हाळी मारायला लागली, "ओ आजीबाई, उनात काय उभ्या ऱ्हायलात? या की हिकडं!" गेले. तिनं काहिलीतला गरम गूळ उसाच्या पाल्यावर घातला आन् हातात दिला. आमच्याकडं पाव्हण्याला गुळाचा खडा आन् पाणी देत्यात. हितं वलाच गूळ, तारा सुटत्यात. तोंड भाजलं. मी म्हणले, "भाजलं की गं!" ती म्हणती, "फुका की वो, पळून चाललाय का?" मी तिला ठेच्याचा गोळा दिला. तिनं बोट लावून चाखला आन् नवऱ्याला म्हणली, "ह्ये बगा ठेचा. न्हाईतर तुमच्या आईचा!" त्यो बिचारा काहिलीतलं ढवळत गप.

केडगाव टेशन

केडगावला पाशिंजरची वाट बघत बसले. शेजारी एक म्हातारी, पांढरं धुवट पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. तितल्या मिशनमधली. नाव मार्था. दौंडच्या चर्चला चालली व्हती, तिचा भाचा मानलेला तितं हाय.

मी इचारलं, "मूळगाव कोणचं?"

"म्हाईत न्हाई," ती म्हणली. "दुष्काळात कुणीतरी टोपलीत घालून आणून ठेवलं मला. दात न्हवते आले. गाव न्हाई, आई न्हाई, जातबी म्हाईत न्हाई."

"जात म्हाईत न्हाई?"

"न्हाई वो."

मी म्हणले, "सुटलीस की बाई!"

आधी तिनं माझ्याकडं नुसतं बगितलं, आन् मग अशी हसली की डोळ्याला पाणी. "असं कुणी म्हणलं न्हवतं मला. समदी आजवर अरेरेच करत आली."

मी तिला नातीचं सांगितलं. ती म्हणली, "आमच्या देवळातबी आधी पेटीच चालायची. ढोलकी न्हाई. ढोलकी म्हंजी तमाशा, म्हणायचे. मी भांडी घासताना डब्यावर वाजवायची, तर शिक्षा म्हणून मला उभं करायचे. आता चालती ढोलकी."

"कुणी ठरिवलं चालती म्हणून?"

"कुणास ठाव. एक दिवस वाजली. आभाळ काय पडलं न्हाई."

ते बोलणं माझ्या मनात ऱ्हायलं. पण मी म्हणले, तिचा डबा येगळा आन् आमचं डफडं येगळं.

गाडीत बसलो. मला रेल्वेची सवय न्हाई. गाडी थांबली, बाया उतराय लागल्या, मीबी बोचकं घेऊन उतरले. फलाटावर उभी ऱ्हाऊन करुणाला हुडकतीया. वरनं मार्था वरडतीया, "अवो, पाटस हाय ते! दौंड न्हाई! चढा!" शिट्टी झाली. एका हातानं तिनं मला वढली आन् दुसऱ्या हातानं बोचकं. हुरडा सांडला फलाटावर. पाटसच्या चिमण्यांचं भलं झालं.

दौंड

दौंडचं टेशन म्हंजी गावच हाय. रूळ बघावं तर हिकडनं तिकडं, मोजायला नगंच. वडे तळत्यात, चहावाले वरडत्यात, हिंदी, कानडी, मराठी, समद्या भाषा एकाच किटलीत.

करुणा आलती. केस खांद्यापत्तूर कापलेले, आंगात काळा बनेल, त्याच्यावर हाडाची खोपडी.

मी म्हणले, "आगं, मला घ्याला आलीस का माझ्या मयताला?"

पाया पडली, मिठी मारली, आन् बोचकं घेतलं. हात बगितला मी तिचा. बोटाच्या मुळाशी घट्टे. तसलेच घट्टे मी मालकांच्या हाताला बगितले व्हते.

मामाकडं चहा घेऊन ती मला रेल्वे कॉलनीत घेऊन गेली, एका जुन्या बंगलीत. डेरिकसायबाच्या. साहेब म्हंजी गोरा न्हाई, अँग्लो-इंडियन म्हणत्यात त्यातला. आपल्यासारखाच सावळा, माझ्याच वयाचा, डोक्याला टोपी, पण बोलणं, चालणं, घरातलं समदं सायबाचं. कोळशाचं इंजन चालवायचा. त्याचा नातू केविन गिटार वाजिवतो. तिसरा अस्लम, दौंडचाच, त्याच्या बाचं शिलाईचं दुकान. त्यो गाणं म्हणतो. तिघं कालेजातली. ढोल डेरिकसायबाचा, जुना. एक न्हाई, चांगले चार-पाच ढोल, पितळी ताटं वर टांगलेली, पायानं वाजवायचा येगळाच. मी म्हणले, एवढी भांडी तर माझ्या रुखवतात न्हवती.

ह्या वाजवण्याला म्हणं मेटल म्हणत्यात.

खोलीच्या भितीवर एक मोठा कागद चिकटवलेला. चार बापय, केस कंबरंपत्तूर, तोंडाला पांढरं फासलेलं, डोळ्याभवती काळं.

"ही कोण?" मी इचारलं.

"बर्फाच्या मुलखातली हायत आज्जे. हे वाजवणं त्यांच्याकडनं शिकलो."

"गोरीच हायत न्हवं?"

"व्हय."

"मग आधीच गोरी, वर पांढरं कशाला फासलंय?"

अस्लम हसून हसून खालीच बसला. केविननं डोक्याला हात लावला. पण करुणाला मी वळखती, ती नुसतं हसून सोडत न्हाई. ती म्हणली, "आज्जे, तुला खरं सांगती. ह्यांच्यातली समदी न्हाई, पण काही म्हणत्यात, पूर्वी आमचं लई चांगलं व्हतं. आमचे देव, आमचं जंगल, आमचं चोख रगत. बाहेरनं लोक आली आन् इटाळ केला. ते जुनं दिस परत आणा. गाण्यात त्येच असतं."

मी म्हणले, "ह्ये तर मी जन्मल्यापासनं ऐकलंय. त्याला बर्फ कशाला लागतो?"

"न्हाईच लागत."

"मग काळ्या माणसानं त्यांचं ऐकल्यालं चालतं त्यांना?"

"काहींना न्हाई चालत."

"आन् तू ऐकतीस!"

"कान माझं हायत की आज्जे. त्यांचं वाजवणं घेतलं, बोलणं टाकलं."

"असं सोलून घेता येतं व्हय?" मी म्हणले. "वाजवणं येगळं आन् अपमान येगळा? आमाला न्हाई आलं बाई. आमी समदंच टाकलं."

करुणा काठी फिरवत बसली. मग अस्लम म्हणला, लई आदबीनं बोलतो त्यो, "आज्जी, त्ये म्हणत्यात जुनं दिस परत या. आमचं गाणं म्हणतंय, जुनं दिस मेलं, उचला त्यास्नी, खांदा द्या."

"म्हंजी मयताचं गाणं?"

"तसंच म्हणा."

"मयताला तर वाजवावंच लागतं," मी म्हणले. करुणानं लगीच वर बगितलं. मी म्हणले, "बगू नको अशी. मी अजून काय म्हणलं न्हाई."

डेरिकसायबाकडं जेवण

दुसऱ्या दिशी सांजच्याला त्यांचा कारेक्रम व्हता. दुपारी डेरिकसायबानं जेवाय बोलवलं. टेबल, खुर्ची, चमचे. पिवळा भात आन् खिम्याच्या गोळ्यांची आमटी. मी हातानंच जेवले. त्यानं बगितलं आन् चमचा खाली ठेवून त्योबी हातानं जेवाय लागला. नीट जमत न्हवतं, शितं टेबलभर. मी माझा ठेचा काढला. म्हणले, जपून. पण त्यो इंजनवाला, म्हणला, "बाई, मैंने आग के सामने तीस साल निकाले!" आन् घास मारला. मग जी उचकी लागली! केविन पाणी आणतोय, करुणा साखर आणतीया, साहेब लालेलाल. उचकी देत देत म्हणतोय, "फर्स्ट क्लास!"

जेवल्यावर चहा आला, नक्षीच्या कपात. माझ्या कपाला कान व्हता. तुमी म्हणाल, कपाला कान असतोच. आमच्या तरुणपणी हाटेलात आमच्यासाठी येगळा कप खिळ्याला टांगलेला असायचा, तुटक्या कानाचा. आमीच इसळून परत टांगायचा. म्हणून मी अजून कुठंबी गेले की आधी कान बगती. सवय हाय.

भितीवर जुने फोटू. कॉलनीतल्या हॉलात नाच चाललाय, बाया झग्यात, बापय कोटात, आन् डेरिक तरणा, ह्याच ढोलामागं. त्यो फोटूकडं बघत म्हणला, "वो भी क्या दिन थे बाई! लकडी का फर्श मेणबत्तीनं घासायचो, असा चमकायचा. सारी रात डान्स. ते दिवस परत यायचे न्हाईत."

मी म्हणले, "मग आता हे समदे कुठं हायत?"

"ऑस्ट्रेलिया. विलायत. माझा सख्खा भाऊबी गेला. त्यो गोरा निघाला, आईवर गेला. त्याला जाऊ दिलं. मी असा काळा. तेव्हा तिकडं रंग बघायचे. माझा कागद नापास." बोट आपल्याच हातावर घासलं त्यानं. "आन् सायबाच्या क्लबात आम्हाला मागच्या दारानं घ्यायचे. वाजवायला चालायचो."

"एका आईची दोन लेकरं," मी म्हणले, "एक पास, एक नापास. आन् मागचं दार. मग ते दिस चांगले कसे वो?"

त्यो मोठ्यांदा हसला. "जवान था ना बाई! घुटने में दर्द नहीं था!"

मलाबी हसू आलं. म्हणले, ह्ये मातुर खरं. बहात्तरला खडी फोडली तीबी आता आठवली की बरी वाटती, कारण तवा हात चालत व्हते.

तवा त्यानं इचारलं, "मग नातीला का नको म्हणता? लडकी अच्छा बजाती है. माझ्यापेक्षा अच्छा."

करुणा समोरच व्हती. मी तिला कधी सांगितलं न्हवतं, तिच्या बाला सांगितलं व्हतं. आता सांगितलं. आमची पयली पोर शांता. दोन वर्साची. जत्रा व्हती आन् पोरीला ताप चढला, आचके द्यायला लागली. मी तिला जावंपाशी ठेवून मालकांना बोलवाय पळाले. भर दुपारची पालखी, देवळाच्या अलीकडं. लोकांच्या अंगात आलेलं, केस मोकळे सोडून घुमत व्हती, आन् मालक वाजिवत व्हते. अंगात आलेलं असलं की वाजिवणाऱ्यानं थांबायचं नसतं. देव कोपतो. मी लांबनं हात वर केला. त्यांनी बगितलं मला. त्यांना कळलंबी. त्यांनी एकडाव हात आखडला, तर मागनं काठी बसली, "थांबतो कसा रं?" ते वाजिवत ऱ्हायले, माझ्याकडं बघत बघत. पालखी पायरी चढली तवा सुटले. आमी घरी पळालो. पोर गेली व्हती.

तेवढंच. दुसऱ्या दिशी परत कामाला गेलो.

डेरिकसायबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. करुणा उठून माझ्या पायापाशी बसली. म्हणली, "आज्जे, आज नको वाजवू का?" मी म्हणले, "मी ऐकाय आलीया. ऐकल्याबिगर जाणार न्हाई."

हॉलात

त्योच जुना नाचाचा हॉल. फोटूतला. दिस मावळायला पोरं जमली, कालेजातली, पुण्यावरनंबी आलेली, समद्यांचे कपडे काळे. जसं काय कावळ्यांची शाळा. मला डेरिकसायबाशेजारी खुर्ची, त्यानं कानात घालाय कापूस दिला. मी म्हणले, कापूस घालून ऐकायचं तर घरीच ऐकलं असतं.

करुणा वर, सगळ्यांच्या मागं पण सगळ्यांच्या वर, त्या भांड्यांच्या मधी बसली. केस बांधले. काठ्या एकमेकीवर आपटल्या, आन् सुरू.

बाया गं! छातीत कुणी मुसळ घातल्यागत. खुर्ची हालती, पायाखालचं लाकूड हालतं. अस्लम, एवढं आदबीचं पोरगं, त्याच्या तोंडातनं रेडा वरडला! मी दचकून सायबाचा हात धरला. सायबानं माझा धरला. पण नात माझी! हात दिसत न्हवते तिचे. चार हात असल्यागत. मला वाटलं, हिला कुणी शिकवलं? रगतातच असंल, आन् मग लगीच मनाला म्हणले, गप, रगताचं नाव काढू नको. घट्टे बगितलेत तू तिचे. मेहनत हाय ती.

पाय हालाय लागला माझा. खरं सांगती.

आन् तेवढ्यात फुडची पोरं घुमाय लागली.

केस मोकळे. मान गरागरा. वाकून वर, वाकून खाली, केसांच्या झिंज्या उडत्यात. डोळे मिटलेले. ते मी कुठंबी वळखीन. म्हणले, आलं. ह्यांच्या अंगात आलं. आन् माझी नात वाजिवतीया. परत त्येच! आमी वाजवायचं आन् ह्यांनी घुमायचं. आमी देव सोडले, धरम बदलला, आन् फिरून त्याच पायरीखाली आलो!

मी उठले. सायबानं पदर धरला, झटकला. घुसले गर्दीत. समोर एक उंच पोरगा घुमत व्हता, त्याच्या झिंज्या धरल्या. आमच्याकडं अंगात आलेल्याला इचारत्यात तसं इचारलं, "बोल! कोण हायेस तू? नाव सांग!"

त्यो घामानं वला, घाबरून म्हणला, "संकेत, आज्जी."

"कोण संकेत?"

"संकेत... वरवंडचा."

मी देवाचं नाव इचारलं, त्यानं सवताचं सांगितलं! शुद्धीवर व्हता की मेला. पण मला तवा काय सुचंना. त्याला सोडला आन् फुडं गेले, थेट स्टेजच्या फळ्यांपाशी. आन् हात वर केला.

करुणानं बगितलं.

आन् थांबली.

काठ्या हवेतच. केविनची गिटार एकटीच कुई करत ऱ्हायली, मग तीबी गप. अस्लम तोंड उघडं टाकून उभा. हॉलात एवढी शांतता, की बाहेर इंजनाची शिट्टी ऐकू आली. मी मागं बगितलं. समदी पोरं केसं बाजूला सारून उभी. कुणी वरडलं न्हाई. कुणी म्हणलं न्हाई, थांबतेस कशी. वाट बघत व्हती.

करुणा ढोल सोडून कडंला आली, गुडघ्यावर बसली. "काय झालं आज्जे? बरं वाटंना का? जायाचं का घरी?"

मी तिचं तोंड बघत व्हते. घाम गळतोय नाकावरनं. मी हात वर केला आन् ही थांबली. एवढंच. एवढंच आमाला पायजे व्हतं त्या दिशी.

"आज्जे?"

"काय न्हाई," मी म्हणले. "जा. वाजीव."

"खरंच?"

"वाजीव म्हणती न्हवं! का पोरांना ताटकळत ठेवतीस?"

ती उठली ती उडीच मारून. आन् जी सुरवात केली, पयल्यापेक्षा दुप्पट. पोरं आरडाय लागली. मी मागं जायला निघाले, तर त्यो वरवंडचा संकेत आडवा, म्हणतो, "आज्जी, आता माझे केस धरले तर नाचावं लागंल." मी म्हणले, "मला तुमचं ते मान तोडायचं येत न्हाई. फुगडी येती का तुला?" त्याला न्हवती येत. शिकवली. पाय जुळवले, हात धरले, दोन गिरक्यातच त्याच्या डोक्याला चक्कर. खाली बसला. दुसरा आला. त्योबी बसला. एवढी मान हालवणारी पोरं, फुगडीत टिकंनात! सायबबी आला गुडघा धरत. त्याच्यासंगं मी सावकाश घेतली.

परत

गौतम न्हावऱ्याला फटफटी घेऊन आलता. मी एकटीच उतरले. त्यानं गाडीत वाकून बगितलं, मागं करुणा हाय का. न्हाई. बोचकं घेतलं माझं, टाकीवर ठेवलं. मग इचारलं.

"काय म्हणलीस तिला?"

"वाजीव म्हणले."

"आप्पा काय म्हणले असते?"

"मला शांताच्या दिवशीचे त्यांचे डोळे ठावं हायत, गौतम. म्हणून सांगती. मी मधीच हात वर केला, समदी दुनिया बघत व्हती, आन् तुझी लेक थांबली. कुणाला इचारलं न्हाई तिनं."

त्यानं खाली बगितलं. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, घातला, परत काढून पुसला. मग किक मारली.

गाव जवळ आलं तवा वाऱ्यात मान वळवून वरडला, "आये, लई जोरात वाजवती का गं?"

"माझे कान अजून बसल्यात!" मी म्हणले.

वेस आली. पारावर ती नेहमीची चौघं बसली व्हती, आज्यावर गेली म्हणणारा त्यांच्यातच. गौतमनं हारनवर बोट ठेवलं आन् काढलंच न्हाई. पारापासनं, चावडीवरनं, देवळाच्या पायरीसमोरनं, थेट आमच्या वस्तीपत्तूर. कुत्री मागं लागली, बाया दारात आल्या, एकजण धावत इचारत आला, "आरं गौतमा, काय झालं? कोण गेलं का?"

"काय न्हाई," गौतम म्हणला, बोट तसंच. "आमची आये आली दौंडवरनं."